दानाची बदकं

झाशी, १२ नोव्हेंबर

उद्या सुधाला जाऊन वर्ष होईल. तिच्या नावाने अंगणवाडीत वाटायला प्लास्टिकची बदकं आणली. घरी पिशवी उघडली तर उग्र वास. दुकानदाराला फोन केला. "भाईसाहब, केमिकल के नए नियम आ रहे हैं, पुराना माल अब कौन लेगा? और दान में कौन देखता है!" हसत होता तो!

तो असं बोलला यावर अजून विश्वास बसत नाही. ती मुलं हातात येईल ते तोंडात घालतात. सुधा तर आमच्या नातवाचं प्रत्येक खेळणं आधी नाकाशी धरायची. बदकं परत केली तर तो दुसऱ्याला विकणार. शेवटी तिच्या शिवणाच्या कात्रीने सगळी कापून टाकली. उद्या केळी वाटेन.

हात धुतले, नाकाशी धरले. पुन्हा धुतले.