एक सेकंडहँड एसयूव्ही, एक घर आणि माझी धाकटी बहीण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न करणारे आजवर दोघेच झाले आणि मी दिसले की ते अजून रस्ता बदलतात. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मी राहते घर जनावरांच्या दवाखान्याला दिले होते, ते रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते. राग कोणावर, ते पुढे येईलच.

एक. बँकेतील ठेव परिचारिका प्रशिक्षण शाळेला द्यावी. तिच्या व्याजातून दर वर्षी विद्यार्थिनींना चांगले बूट घ्यावेत. माझ्या नावाची पाटी लावू नये. चौतीस वर्षे वॉर्डात उभी होते. पाटीने टाचा दुखायच्या थांबत नाहीत.

दोन. करड्या रंगाची सात आसनी डिझेल एसयूव्ही माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. ही गाडी मी चार वर्षांपूर्वी तिच्याच वडिलांकडून, म्हणजे माझ्या मेहुण्यांकडून, वापरलेली घेतली. "ताई, घरातली गाडी आहे, डोळे मिटून घ्या," असे ते म्हणाले होते. आठवडाभरात, एका सकाळी ती सुरूच होईना. झाली तेव्हा इतका पांढरा धूर सोडला की समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारले, "काही जळतंय का हो?" मी म्हणाले, "हो, मीच."

पहिल्या महिन्यात हीटर प्लग बदलले, तिसऱ्यात टर्बो, वर्षाच्या आत क्लच. "मावशी, गाडी एकदम छान आहे," मेकॅनिक गाडीखालून सांगत. "फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स सोडून." मी सवयीने गाडीचा केसपेपर ठेवला: तक्रार, लक्षणे, उपचार, पुढची तपासणी. आता त्याची जाड फाइल झाली आहे. माणसांचीही एवढी टिपणं कोणी ठेवत नाही, असे मेकॅनिकचे मत. मी त्यांना सांगितले, माणसे निदान कुठे दुखते ते बोलतात.

भाचीने गाडी ठेवावी वा विकावी. विकल्यास घेणाऱ्याला फाइल पहिल्या पानापासून दाखवावी आणि सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बोलवावे. गाडीसोबत माझा स्टेथोस्कोपही तिचाच. मेकॅनिकने तो इंजिनाला लावून बेअरिंगचा आवाज शोधला, तेव्हापासून तो माणसांना लावण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.

तीन. गाडीतून निघालेले सगळे खराब भाग मी धुऊन, चिठ्ठ्या लावून बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवले आहेत. तो डबा मेहुण्यांना द्यावा. त्यांनी तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवावा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रत्येक भागाची माहिती द्यावी. बोलण्यात ते पटाईत आहेत.

चार. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सर्व सामानासह माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण गेल्या महिन्यापर्यंत चार वर्षे मी तिच्याशी एक शब्द बोललेले नव्हते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि उद्या कोणी म्हणेल की म्हातारीला भ्रम झाला.

गाडी दाखवायला मेहुणे आले तेव्हा तीही सोबत होती. माझ्याच ओट्याशी उभी राहून तिने चहा ओतला आणि अवाक्षर काढले नाही. मला मेहुण्यांचा राग नव्हता. त्यांच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती. राग तिचा होता. पाळण्यात असल्यापासून मी तिला सांभाळले आहे.

गेल्या महिन्यात मी तो डबा मेहुण्यांच्या दारात ठेवायला निघाले. हयातीतच द्यावा म्हटले. गाडी नेमकी त्यांच्या फाटकासमोर बंद पडली. बहीण बाहेर आली.

"सुरू होत नाही का?"

"तुझ्याच घरची आहे. तुला माहीत असेल."

ती दार उघडून शेजारी बसली.

"माहीत होतं, ताई. तुझ्याकडे यायच्या आधी हे गाडी अर्धा तास फिरवून आले होते, गरम करायला. गार असली की सुरूच व्हायची नाही. दोनदा माझ्या तोंडापर्यंत आलं."

"मग काय, चहाबरोबर गिळलंस?"

"तू गाडीत चढून बसलीस आणि म्हणालीस, इथून सगळा रस्ता दिसतो. आणि हसलीस. भाऊजी गेल्यापासून तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू मला नाही मोडवलं."

असली कारणे मी वॉर्डात कोणाची ऐकून घेतली नसती. पण लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत नन सिस्टरांनी शिकवले होते की कबुली देताना आधी आपली द्यावी, मग दुसऱ्याची मागावी. तेव्हा लिहिते. त्या दिवशी मी बॉनेटवर हात ठेवला होता. चौतीस वर्षे लोकांच्या कपाळावर ठेवलेला हात आहे तो. बॉनेट चांगले तापलेले होते. डॉक्टरांच्या फेरीआधी उठून, केस विंचरून, "आता बरं वाटतंय" म्हणणारे शंभर रुग्ण मी पाहिले आहेत. हे सोंग मला त्याच क्षणी कळले. तरी मी हात काढून घेतला, कारण मला ती गाडी हवी होती. पुढची चार वर्षे मी बहिणीला त्या गोष्टीची शिक्षा दिली, जी मी स्वतःही केली होती.

हे मी तिला तिथेच, बंद गाडीत सांगितले. ती आधी रडली, मग म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी उगाच घाबरले?" मेकॅनिक पोचेपर्यंत आम्ही दोघी मेहुण्यांना नावे ठेवत बसलो; डबा द्यायचा राहूनच गेला. इतका छान वेळ त्या गाडीत पूर्वी कधी गेला नव्हता.

पाच. अंमलबजावणीचे काम वकीलबाईंनी पाहावे. मेकॅनिकसाठी मी काही ठेवलेले नाही. माझ्या हयातीत त्यांनी पुरेसे नेले आहे. शिवाय ते साक्षीदार आहेत.

साक्षीदारांवरून आज जे घडले तेही नोंदवते. बहीण सकाळीच येऊन बसली आणि साक्षीदार म्हणून सही करते म्हणाली. वकीलबाईंनी समजावले, ज्याला घर मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग घर नको मला," ती म्हणाली. "नाव काढून टाक, ताई. पण सही करू दे. या वेळी मला जे दिसलं ते सांगायचंय."

मी तिला म्हटले, घर घे आणि गप्प बस. ते तुला चांगलं जमतं.

ती इतकी हसली की वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. या गडबडीत वरील मजकुरात कोणताही बदल झालेला नाही.

मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: (निवृत्त मेट्रन)

साक्षीदार पहिले: मेकॅनिक. हात पुसून सही केली.
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या घरातील बाई.

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: बारा ऑक्टोबर, सकाळी साडेदहा