हे आगीत बसले ते दिवस

वैशाख शुद्ध ३, शके १७१३

बसले! आजपासून एकवीस दिवस. चार बाजूंना गोवऱ्यांचे चार अग्नी, पाचवा डोक्यावरचा सूर्य, आणि मध्ये आमचे हे, उघड्या अंगाने, ओंकारेश्वराच्या घाटाखाली वाळूत. पंचाग्नी साधन! दफ्तरातून रजा काढली. एरवी आमटी जरा कढत असली तरी फुंकून फुंकून खाणारा माणूस.

कशासाठी, ते मला कोणी सांगितले नाही. सासूबाई म्हणाल्या, "नवस आहे, फेडायचा आहे. फार विचारू नये." घाटावरच्या बायकांना मात्र सगळे ठाऊक. "पोरासाठी हो! लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून काही नाही." माझ्यासमोर! हातातला तांब्या त्यांच्यावर उपडा केला नाही, एवढेच.

वैशाख शुद्ध ४

पाठ लालबुंद. हात लावला तर चटका बसतो. ओला पंचा टाकायला गेले तर म्हणतात, "नको, व्रतात गारवा चालत नाही."

"व्रत वाळूत. हे घर आहे." टाकलाच.

वैशाख शुद्ध ६

ठिणगी उडून ह्यांच्या मांडीवर सुपारीएवढा फोड आला. सासूबाईंनी त्यावर त्याच आगीची राख चोळली — प्रसाद म्हणे! मी पाण्याची धार धरून सगळी धुऊन काढली. बाबा वैद्य होते. मला अक्षरे त्यांनीच शिकवली आणि औषधेही. म्हणायचे, "भाजलं की आधी गार पाणी, भरपूर. बाकी सगळं मागाहून. फोड फोडायचा नाही. राख, शाई, चुना, काही चोपडायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "तुझे बाबा देवाहून शहाणे!"

"भाजण्यापुरते, होय."

मग फोडावर लावायला तूप धुवायला बसले. तांब्याच्या परातीत, दर खेपेला नवे पाणी, अशी शंभर वेळा. पांढरे, मऊ, थंडगार होते. एकेका खेपेला एकेकाला शिव्या दिल्या. शंभर पुरल्या नाहीत!

वैशाख शुद्ध ७

व्रत सांगणारे यज्ञेश्वरभट स्वतः छत्रीखाली बसतात. पंख्याला माणूस वेगळा.

वैशाख शुद्ध ९

आज ह्यांना दोघांनी धरून घरी आणले. अंग विस्तवासारखे, घामाचा टिपूस नाही, आणि बोलणे भलतेच. मला आई म्हणून हाक मारली! ओसरीच्या सावलीत निजवले, ओल्या धोतरात गुंडाळले, पंखा घालत बसले. शुद्धीवर आल्यावर कैरीचे पन्हे, मीठ घालून, घोट घोट. अर्धे माझ्याच लुगड्यावर सांडले.

तेवढ्यात भटजी दारात. "उद्या वेळेवर आणा. मंडळी लांबून दर्शनाला येतात."

मी दाराआडून म्हटले, "मग उद्या आपणच बसा. मंडळींना आगीत कोणीतरी दिसल्याशी कारण."

भटजी गेले. ह्यांना म्हटले, पुरे आता. डोळे मिटूनच म्हणाले, "आईचा शब्द आहे."

म्हणजे हे सासूबाईंचेच! नातू हवा म्हणून पोटचा मुलगा भाजायचा!

वैशाख शुद्ध १०

पुन्हा गेले. मी घरात कोणाशी बोलत नाही.

वैशाख शुद्ध १२

आजचे आजच लिहून ठेवते.

दुपारी ह्यांच्या डोक्याला बांधायला ओले उपरणे घेऊन गेले होते. लावून घेणार नाहीत हे माहीत असून. घाटावर एक माळीण हार विकते, तिची शकू चार-पाच वर्षांची. गर्दीत मागे मागे सरकली आणि परकराचा काठ अग्नीवर गेला. भक्कन पेटला! सगळे ओरडताहेत — "अरे धरा, धरा!" धरत कोणी नाही.

हे उठले. निखाऱ्यांवरून उडी मारली, पोरीला उचलली आणि सरळ नदीत जाऊन बसले. मी पोचले तर तिचा पाय पाण्याखाली धरून तिच्या आईला समजावत होते, "एवढ्यात काढायचा नाही, बाई. थोडा वेळ राहू दे. राख लावू नका." बाबांचे शब्द! इतके दिवस मी भिंतीशी बोलते असे समजत होते.

पोर वाचली. पिंढरीवर दोन फोड, बाकी नुसती लाली. धुतलेले तूप लावून स्वच्छ फडक्याने सैलसर बांधले. ह्यांचे तळवे मात्र चांगलेच पोळले आहेत.

आणि काठावरून भटजी ओरडताहेत, "आसन सोडलंत! नऊ दिवस फुकट गेले!" कोणी म्हणाला, "माळणीच्या पोरीपायी?"

हे पाण्यातूनच म्हणाले, "मग काय, जप करीत बघत बसू?"

आज साऱ्या पुणे शहरावर राग आहे. ह्यांच्यावर नाही.

वैशाख शुद्ध १३

भटजी सकाळीच हजर. प्रायश्चित्त करा आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा बसा! हे तळव्यांना तूप लावून पडलेले, आणि सासूबाई ऐकून घेताहेत. मला राहवले नाही. भटजींदेखत बोलले, "नातवापायी मुलगा घालवणार का? सवत आणा हवी तर! मी जाते माहेरी!"

सासूबाई उठून देवघरात गेल्या.

वैशाख शुद्ध १४

नवस पोरासाठी नव्हताच. गेल्या आश्विनात मी तापाने पडले होते, एकवीस दिवस. वैद्यांनी आशा सोडली, तेव्हा सासूबाई देवापुढे बोलून गेल्या, "सुनीती उठू दे. जितके दिवस ताप, तितके दिवस माझा दिगंबर पंचाग्नीत बसेल." आज सकाळी चुलीपाशी सांगितले, माझ्याकडे न बघता.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू बसू दिलं असतंस होय?" मग पदर खोचून म्हणाल्या, "उरलेले बारा दिवस मी बसते. भटजींना निरोप धाडलाय."

साठी उलटली आहे त्यांची. मी दाराला आतून अडसर घातला आहे आणि पाठ लावून बसले आहे.