‘चाडं’ बाद केलं

राहुरी, सोमवार, संध्याकाळ

आज मी चुकलेच. आम्ही कॉलनीतल्या बायका दर सोमवारी पुठ्ठ्याच्या अक्षरांनी शब्द जुळवायचा खेळ खेळतो. निवृत्त शिक्षिका, म्हणून पंच मीच. शेजारच्या दीपालीच्या सासूबाई, हौसाबाई, आज पहिल्यांदाच आल्या. त्यांनी ‘चाडं’ लावलं. माझ्याजवळच्या छोट्या शब्दकोशात ते नव्हतं. मी म्हटलं, “बाद.”

“आवो बाई, पाभरीवरचं लाकडी वाटकं. पेरताना आमी त्याच्यात मुठीनं बी सोडायचो,” त्यांनी मूठ धरून दाखवली.

“कोशात नाही ना पण!” असं कसं बोलले मी? वर्गातली सवय, दुसरं काय. त्यांनी आपली अक्षरं परत उचलून घेतली.

घरी येऊन मोठा कोश काढला. आहे की शब्द! पाभरीचं बी पेरायचं भांडं, एवढंच दिलंय. मुठीचं काही नाही.

ती मूठ मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. खेळ संपल्यावर हौसाबाईंनीच अक्षरं गोळा केली, मुठीत घेतली आणि गप्पा मारत, खाली न बघता डब्यात सोडली. एकेक, सारखी. दोन काही एकदम पडली नाहीत.

उद्या सकाळीच जाऊन माफी मागते. बाद म्हटलेलं चाडं त्या माझ्यासमोर चालवत होत्या, आणि डबा मीच धरला होता.