पाचव्या महिन्यात दिलेली लेक

५ जानेवारी, सोमवार. नांदेड

काल बिलोलीला अप्पांकडे. अव्वा जाऊन अडीच महिने होत आले, तेव्हापासून दर रविवारी जाते. अप्पा ओसरीवर हरभऱ्याचे ढाळे सोलत बसलेले. मी भाकरी टाकायला उठणार, तर म्हणाले, "बस जरा. एक सांगायचं राहिलंय."

सांगितलं.

"तू अव्वाच्या पोटची न्हाईस. लातूरच्या शांताची हायस."

शांता म्हणजे अव्वाची धाकटी बहीण. माझी मावशी.

"हिला लेकरू न्हवतं. शांताला तिसरी बी पोरगीच झाली. हिनं मागून घेतली. पाच महिन्यांची होतीस."

अव्वानं का नाही सांगितलं, विचारलं.

"भ्यायची. खरं कळलं की तू जाशील म्हून. मी जिती हाय तवर कुणी बोलायचं न्हाई, शपथच घातली होती साऱ्यांना."

"मग आता का?"

"मी बी चाललोच की. मागून कुणी तिसऱ्यानं सांगण्यापरीस मीच सांगावं."

आणि पुढचा घाटा सोलायला घेतला.

सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. आत जाऊन भाकरी केल्या. गोल आल्या, नेहमीसारख्या.

६ जानेवारी

कॉलेजात दोन तास घेतले. कोणाला काही कळलं नाही. घरी येऊन आरशात बघितलं. कपाळ मावशीचं आहे हे लहानपणापासून सगळे म्हणायचे. "मावशीवर गेली पोरगी." अव्वा तेव्हा विषय बदलायची. हे खरंच आठवतंय, की आज रचतेय?

शिवराजला अजून सांगितलं नाही. नवरा आहे, सांगायला हवं.

८ जानेवारी, गुरुवार

बी.ए. दुसऱ्या वर्षाला वेदान्त. दोरी आणि साप. बावीस वर्षं शिकवतेय. अंधुक उजेडात दोरी पडलीय, माणसाला साप दिसतो, तो पळत सुटतो. दिवा आणला की कळतं, साप नव्हताच. जगही असंच. मुलं माना डोलावतात, मी फळा पुसते.

आज मागच्या बाकावरची अस्मा उठली. एरवी तोंड उघडत नाही. "मॅडम, साप न्हवता हे बराबर. पण तो पळाला ना? धाप लागली, घाम फुटला. ते तर खरंच झालं ना?"

म्हणाले, व्यवहारात खरं, परमार्थानं नाही. परीक्षेत असंच लिहा.

बसली. तिला पटलं नव्हतं. मलाही.

जिला आई समजले ती आई नव्हती. बरं. मग मला गोवर निघाला तेव्हा तिनं महिनाभर घरात फोडणी घातली नाही, अप्पांनाही अळणी जेवू घातलं, ते काय होतं?

११ जानेवारी, रविवार

बिलोलीला गेले नाही. पहिल्यांदाच. अप्पांना फोनवर पेपर तपासायचं कारण दिलं.

शि.ला सांगितलं. ऐकून घेतलं. मग, "तुला काय वाटून राहिलं?"

म्हटलं, काही नाही. नाती म्हणजे नुसती नावं, वरून चिकटवलेली. आत जे आहे ते कोणाची मुलगीही नाही आणि कोणाची आईही नाही. तिथून बघितलं तर काही घडलेलंच नाही.

"अव्वा गेल्या तवा बी हेच बोललीस."

"मग?"

"मग काही न्हाई. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, तसं दिसून राहिलं मला. दुखत न्हाई म्हणतीस ते खरं. पण तोंडच सुन्न हाय तुझं."

हा माणूस पाणीपुरवठ्यात. पाइप आणि व्हॉल्व यांच्यापलीकडे बोलत नाही. मला राग आला, गच्चीवर कपडे काढायला गेले. अर्धे ओलेच होते, तसेच काढले.

लिहून ठेवते. अव्वाला आमच्या लिंगायत रीतीनं मांडी घालून मातीत बसवलं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं, माती लोटली. मी एकदाही रडले नाही. बायका म्हणत होत्या, मॅडम किती खंबीर. ते मला आवडलं होतं. लाज वाटते, पण आवडलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

मावशीचा फोन. दरवर्षी येतो. मला कळलंय हे तिला ठाऊक नाही.

"तिळाच्या पोळ्या केलीस का गं?"

"हाव," म्हटलं. त्यापुढं 'मावशी' म्हणायची सवय. निघेचना तोंडातून. म्हणाले, "पाय कसा आहे?" दसऱ्यानंतर न्हाणीत पडली, खुबा मोडला. अव्वाच्या मातीला आली नाही ती त्यामुळंच.

"वॉकर धरून चालून राहिले. तू ये की एकदा."

बघू म्हटलं.

१८ जानेवारी, रविवार

राग आला. शेवटी एकदाचा. सकाळी पोहे करताना कढई इतकी आपटली की शि. आंघोळ सोडून बाहेर.

नेमका कोणावर, ते शोधायला बसले. मावशीवर? तिच्यावर सासूचा जोर असणार. सासूवर? ती जाऊन जमाना झाला. अव्वावर, आयुष्यभर खोटं बोलली म्हणून? तिची दहा वर्षं रिकामी ओटी, आणि हळदीकुंकवाला जाईल तिथं प्रत्येक बाईचा एकच प्रश्न. अप्पांवर? त्यांनी बायकोचा शब्द पाळला.

बौद्ध दर्शन शिकवताना मी फळ्यावर बाण काढते. हे आहे म्हणून ते आहे, ते होतं म्हणून हे झालं. सुटं, आपलं आपण उभं असं काही नाही. आज वहीत आमच्या घरचे बाण काढले. पान भरलं, दुसरं घेतलं. एकाही नावापाशी सगळे बाण येऊन थांबेनात. मी मुलगी जन्मले हाही त्यातला एक बाण. त्यात माझा काय हात?

राग गेला नाही. फक्त बसायला जागा मिळेना त्याला. शि. म्हणतो तसं सुन्न नव्हतं हे. दुखतही होतं आणि दिसतही होतं. एकाच वेळी. तत्त्वज्ञानाचा असा उपयोग मी आजवर केला नव्हता. आजवर ते अंगावर पांघरून घ्यायची.

पुढच्या रविवारी लातूर.

२५ जानेवारी, रविवार

आत्ताच घरी पोचले. विसरायच्या आत लिहिते.

मंगलताईनं दार उघडलं. मावशीची थोरली. माझ्याकडं बघितलं आणि एवढंच, "कळलं व्हय तुला?"

"तुला ठाऊक होतं?"

"सहा वर्षांची होते मी. तुला नेलं त्या दिवशी एसटीच्या मागं पळाले. एका बाईनं धरून घरी आणून सोडलं मला."

मला बहिणी आहेत. ही आणि मधली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं इतक्या दिवसांत.

मावशी पलंगावर, वॉकर बाजूला. मांडीवर सुपात तुरीची डाळ. मंगलताईनं तिच्या कानाशी वाकून सांगितलं. तिचे हात थांबले.

"दाजीनं सांगितलं?"

"हाव."

सूप खाली ठेवलं. "सासूनं द्यायला लावली असं मी साऱ्यांला सांगत आले. तसं न्हाई. सासू बोलायची, पण हिसकून न्हाई घेतली तिनं. मलाच नको होती तिसरी. तुझ्याकडं बघूच वाटत न्हवतं. अक्का आली, पदर पसरली. मी उचलून दिले."

मंगलताई म्हणाली, "आई, कशाला आता..."

"उगं बस तू. हिला खरं पाहिजे. त्याच्यासाठीच आली ती."

मी खुर्चीची कड धरून बसले होते. पंख्याच्या पात्यांवरची धूळ मोजावी तशी बघत होते. आत ती पातळी शोधत होते, जिथं कोणी कोणाचं नसतं. सापडली नाही.

मावशी बोलतच होती. "आठ दिवसांनी पाहिजे झालीस. दूध आटलं न्हवतं. बिलोलीला गेले. अक्कानं तुला बाजेवर ठेवली आणि पाणी आणते म्हून आत गेली. लई वेळ आलीच न्हाई. घागर तर उंबऱ्यातच होती. मला वाटतं मुद्दाम गेली. नेयाची तर ने म्हून. मी तुझ्याकडं बघत बसले. न्हाई उचलले."

"का?"

"तू हसून राहिली होतीस. तिच्यापाशी बरी दिसत होतीस."

मंगलताईनं ताट वाढलं. जेवले. भूक होती, याचंच नवल.

निघताना मावशीनं मनगट धरलं. "अक्काच्या मातीला न्हाई येता आलं मला. एकदा नेतीस का तिथं?"

नेते म्हणाले.

परतीची एसटी लोह्याला थांबली, लोक चहाला उतरले. मी खिडकीशी बसून राहिले आणि रडायला लागले. आवाज करून. अव्वा आत उभी आहे, घागर उंबऱ्यात, आणि ती बाहेर येत नाही, हेच डोळ्यांपुढं. तिला वाटलं असेल, बाहेर जाईन तर बाज रिकामी असेल.

कंडक्टर आला. "काय झालं ताई?"

"आई गेली माझी."

"अरे देवा. कवा?"

"ऑक्टोबरात."

बिचारा स्वतःची पाण्याची बाटली देऊन गेला.

२८ जानेवारी, बुधवार

जैन दर्शनाच्या जुन्या नोट्स काढल्या. वस्तूला अनेक अंगं, आणि आपलं प्रत्येक वाक्य एकाच अंगानं खरं. आजवर मला ही पळवाट वाटायची. धड हो नाही, धड नाही नाही. परीक्षेला हमखास येतं म्हणून पाठ करून घ्यायची.

मी तिला नको होते. खरं. आठ दिवसांनी हवी झाले. तेही खरं. दुसऱ्यानं पहिलं पुसलं जात नाही. पहिल्यानं दुसरं खोटं पडत नाही. एका अंगानं ती माझी आई, एका अंगानं नाही. आणि त्यातच एक प्रकार असा सांगितलाय की ज्याला शब्दच लावता येत नाही. अवक्तव्य. मुलांना मी त्याची व्याख्या दोन ओळींत लिहून देते!

एक गोष्ट स्वतःबद्दल कळली. कोणत्याही गोष्टीचा, खरी की खोटी, निकाल लागला की दुखणं थांबेल अशी माझी समजूत. अगदी लहानपणापासून. घरात काहीतरी न बोललेलं आहे हे लेकराला कळत असणार. हा विषय मी त्यासाठीच घेतला का? तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, दुसरीकडं प्रवेश मिळाला नाही म्हणून.

३० जानेवारी, शुक्रवार

वर्गात अस्माला उठवलं. म्हणाले, त्या दिवशी तुला परीक्षेचं उत्तर दिलं मी. धाप खरी होती. दोरी आहे हे कळल्यावर पुन्हा पळायला होत नाही, एवढा फायदा होतो. पण लागलेली धाप कळल्या कळल्या जात नाही.

"मग परीक्षेत काय लिहू मॅडम?"

वर्ग हसला. मीही.

१ फेब्रुवारी, रविवार

बिलोली. चार आठवड्यांनी. अप्पांना मीच सांगितलं, लातूरला जाऊन आले, शांताबाईंनी... आणि थांबले. शांताबाई! आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. अप्पांनी वर बघितलं, पुन्हा खाली.

मग हळूच, "मी सांगितलो ते चुकलं का गं?"

न्हाई अप्पा, म्हटलं. घागरीचं विचारलं त्यांना. अव्वा तेव्हा मुद्दाम आत थांबली होती का? अप्पांना काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते दुकानात. "मला कधी बोलली न्हाई," म्हणाले. त्यांना ते लागलं असावं. सत्तावन्न वर्षांचा संसार, आणि बायकोची एवढी गोष्ट माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. बिलोली

काल शि. आणि मी गाडी घेऊन लातूरला, मावशीला घेऊन रात्रीला नांदेड. आज सकाळी नायगाववरून इकडं. ती पुढच्या सीटवर, पाय लांब करून. नायगावात चहा प्यायली, चांगला न्हाई म्हणाली.

अप्पा दारात उभे. "ये शांता." तेवढंच. तिच्यासाठी हाताची खुर्ची आधीच पुसून ठेवली होती.

दफनभूमीत शि.नं ती खुर्ची अव्वाच्या ओट्यापाशी नेऊन मांडली. मावशी बसली. आम्ही मागं उभे, तर मान वळवून म्हणाली, "तुमी तिकडं जावा जरा."

कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन थांबलो. ऊन चढत होतं. इतक्या लांबून शब्द येत नव्हते, नुसता हात हलताना दिसत होता. मधेच बोट उगारलं. मधेच पदर तोंडाला लावला. एकदा तर हसली असं वाटलं.

अप्पा म्हणाले, "भांडून राहिली असंल. ल्हानपणापासून भांडायच्या दोघी."

त्या दोघी आधी बहिणी होत्या. माझ्याही आधीच्या. माझ्या वहीतल्या बाणांत सगळं मला देण्याघेण्यापासून सुरू झालं होतं. त्याच्याआधी दोन पोरी एका घरात भांडत होत्या, हे मी काढलंच नव्हतं.

पाऊण तास गेला. शि. आणायला गेला. काय बोललीस, हे गाडीत मी मावशीला विचारलं नाही. ते त्या दोघींचं.

जेवून मावशी अव्वाच्या खोलीत आडवी झाली, तिथंच डोळा लागला. उद्या तिला लातूरला सोडायचं ठरलंय. अप्पा मघाशी भिंतीकडं बघत म्हणाले, "आठ दिवस ऱ्हायली तरी कुणाची ना न्हाई." म्हणजे मी विचारावं. विचारेन बहुतेक. काय म्हणून हाक मारून विचारायचं, ते ठरलेलं नाही. दोन दिवस जवळ जाऊन नुसता खांद्याला हात लावतेय, आणि तीही तेवढ्यानं वळून बघतेय.

चार वाजले. शि. स्वयंपाकघरातून सांगून राहिलाय, चहा झाला, त्यांना उठव.

उठते.