उत्तराची ओळ

मोक्पो
१९ नोव्हेंबर

प्रिय मालसुन,

प्रभूची शांती तुझ्या घरात असो. पाकीट फोडलंसच तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

यंदाही किमचीसाठी वीसच कोबी खारवले. समोर बसून मसाला भरायला तू नाहीस, मग हौस कसली? गुडघा कुरकुरतोच आहे. आणि हसू नकोस, अडुसष्टाव्या वर्षी मी वही-पेन्सिल घेऊन शाळेत जाते. आपल्या चर्चमध्ये प्रापंचिकांसाठी ईशज्ञानाचा वर्ग निघालाय, दर मंगळवारी सकाळी. माझ्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर इतके फाटे फोडतात की फादरांचा चहा गार होतो.

शेवटचा गृहपाठ होता, ‘माझं सेवाकार्य कोणतं?’ फादर सगळ्यांसमोर म्हणाले, "पिल्नामबाई, तुम्हाला काय शोधायचंय? बावीस वर्षं प्रार्थना मंडळ घेऊन मयताच्या घरी गाताय. तुमचं आयतंच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा कागद कोराच राहिला.

कारण आदल्याच मंगळवारी पोस्टमास्तरांनी विचारलं होतं, "ज्यानं स्वतःच जीव दिला, त्याच्यासाठी गाता येतं का?"

"येतं म्हणजे? गायलाच हवं," फादर म्हणाले. "ती जुनी बंदी उठून कित्येक वर्षं झाली."

"कित्येक म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुम्ही या कामाला लागलात, त्याच्याही आधी."

मालसुन, मला माहीत नव्हतं गं. माझ्याआधी मंडळ चालवणाऱ्या म्हाताऱ्या आग्नेसबाईंनी शिकवलं, तेच धरून बसले. तू माझ्या दारात आलीस तेव्हा तुझ्या पायात दोन वेगवेगळे बूट होते. म्हणालीस, "ताई, तुझी मंडळी घेऊन चल. माझ्या योंगहोसाठी गा." मी म्हणाले, "नियमात बसत नाही."

आता खरं लिहिते. नुसता नियम नव्हता. फादरांचं घर पाच मिनिटांवर होतं, विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला लाज वाटली. मंडळाच्या प्रमुख बाईच्या भाच्यानं असं केलं, बायका काय म्हणतील! तू आजारी होतीस तेव्हा पाच महिने त्याला पाठीला बांधून मीच अंगाई म्हटली. तो गेला तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. मयताचे तीनही दिवस तू त्याच्या फोटोपुढे एकटी बसलीस, आणि महिन्याभरात येओसूला निघून गेलीस.

तुला ठाऊक आहे, मयताची प्रार्थना दोन बाजूंनी गातात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उत्तराची. दोन आठवडे झाले, मी रोज सकाळी योंगहोसाठी गाते. माझी ओळ म्हणते आणि उत्तराच्या ओळीपुरती थांबते. घरात दुसरं कुणी नाही.

नऊ डिसेंबरला त्याला जाऊन तीन वर्षं होतील. मी पहिल्या बसनं येईन. किमचीचा डबा पायरीवर ठेवीन आणि तिथंच बसेन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. माफी मागायला मला तोंड नाही, गायला आहे. माझी ओळ म्हणेन आणि तुझ्यासाठी थांबेन. तू आतून काही म्हणाली नाहीस, तरी पुढची ओळ म्हणेन.

योंगहोसाठी न गायलेली त्याची मावशी,
तुझी ताई
पिल्नाम