खाती उघडली, घरं राहिली

लातूर,
१९ जून २०११

प्रिय मालविका,

धर्माबादची तुझी शाळा याच आठवड्यात सुरू झाली ना? पहिलीतली नवी पोरं अजून रडत असतील. मी मात्र लातुरात रुळलेय. सकाळी सहाला खिडकी उघडली की खाली क्लासला निघालेल्या पोरापोरींची रांग दिसते. डबा देणाऱ्या कोंडाबाई मलाही बारावीचीच समजतात आणि "अभ्यास लई असतो गं बाई" म्हणत एक भाकरी जास्त ठेवतात. मी क्लासमध्ये नोकरीला आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही. भाकरी चांगली असते.

तुला कॉम्प्युटरचं नाव नको असतं, ठाऊक आहे. तरी ही गोष्ट ऐक. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा यंदापासून कॉम्प्युटरवरही सुरू झाली, म्हणून आमच्या क्लासनं साठ कॉम्प्युटरची लॅब थाटली आणि नवा लिनक्स सर्व्हर आणला. लॅबप्रमुख मलप्पा सर, निलंग्याकडचे. त्यांनी सही करून एकशे ऐंशी मुलांची यादी माझ्या हातात दिली. प्रत्येकाचं सर्व्हरवर खातं उघडायचं. खात्याबरोबर त्याला स्वतःचा एक फोल्डर मिळतो, त्याला 'होम' म्हणतात. सोडवलेली चाचणी तिथंच साठते. एकेक खातं उघडत बसायला नको म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिली. तीन मिनिटांत एकशे ऐंशी खाती तयार. त्या आनंदात मी दोन कप चहा प्यायले.

सोमवारी पहिली चाचणी. पालक आले होते, संचालक वसंतराव सर त्यांना लॅब दाखवत होते. मुलांनी नाव आणि पासवर्ड टाकला, आणि साठच्या साठ पडद्यांवर एकच ओळ आली: होम सापडत नाही. जुन्या सर्व्हरवर खात्याबरोबर होम आपोआप तयार व्हायचं. नव्यावर आज्ञेत 'एम' हे एक अक्षर जोडावं लागतं, ते मी जोडलंच नव्हतं. घाईघाईत फोल्डर बनवले, तर ते सगळे मुलांच्या ऐवजी सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या नावावर झाले. मुलं आत गेली, पण उत्तर काही साठवता येईना. इस्लापूरची एक मुलगी हात वर करून शांतपणे म्हणाली, "मॅडम, घर मिळालं, पण किल्ली तुमच्याकडंच हाय का?" सगळी लॅब हसली. मलाही हसू आवरेना.

बाहेर वसंतराव सरांनी मलप्पा सरांना धारेवर धरलं, कारण यादीवर सही त्यांची. मलप्पा सर सगळं स्वतःवर घेत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. शेवटी मी वसंतराव सरांपुढे गेले. मी म्हणाले, "सर, स्क्रिप्ट माझी आहे. चालवण्याआधी एका खात्यावरही तपासली नाही. पंधरा मिनिटं द्या." ते घड्याळ बघून म्हणाले, "दहा घ्या." मी प्रत्येक फोल्डर ज्याच्या त्याच्या नावावर केला, दुसऱ्या कुणाला तो उघडता येणार नाही असं केलं, आणि या वेळी आधी एकावर तपासून बघितलं. नवव्या मिनिटाला चाचणी सुरू झाली.

दुपारी डबा खाताना मलप्पा सर म्हणाले, "भूकंपानंतर आमच्या गावात पत्र्याच्या शेडची यादी माझ्याकडं होती. शिवम्मा म्हातारीचं नाव लिवलं, पण तिची शेड उभी हाय का न्हाई ते बघितलंच न्हाई. म्हातारी दोन दिवस गाठोडं घेऊन उघड्यावर बसून राहिली. मी जाऊन सांगितलं, चूक माझी हाय. तर म्हणती, सांगितलंस ते बरं केलंस लेकरा, मला वाटलं माझंच कायतरी चुकलं."

मालविका, त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहितेय. नांदेडला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, सबमिशनच्या आदल्या दिवशी, आपलं प्रोजेक्ट तुझ्या खात्यातून गायब झालं. मॅडम सगळ्यांसमोर तुला बोलल्या, आणि "माझ्या हाताला कॉम्प्युटर लाभत नाही" म्हणून तू बी.एड.ला निघून गेलीस. ते प्रोजेक्ट तू पुसलं नव्हतंस. तुझा पासवर्ड मला माहीत होता. जागा करायला तुझ्या खात्यातल्या जुन्या फाइली पुसताना प्रोजेक्टचा फोल्डर माझ्या हातून गेला, आणि मी चार वर्षं गप्प बसले. तुझं काहीही चुकलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी धर्माबादला येतेय. तुला जे बोलायचं असेल ते सगळं बोल, मी ऐकून घेईन. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

उशिरा खरं बोललेली, पण तुझीच,
बुद्धप्रिया