भूत तात्पुरते बंद

४ ऑगस्ट
आजपासून रोज लिहायचे.
निर्भय गेम्स ही कंपनी म्हणजे मी. गेम बनवणारा मी, प्रकाशकही मी. ऑफिस दहिवलीत, घराच्या मागच्या खोलीत. पहिला गेम ‘मुक्काम’. रिकामा बंगला, खेळणारा एकटा आत शिरतो. आत एक बाई आहे. ती दिसत नाही. फक्त विचारते.
लोकांची झोप उडवायची आहे.
बायकोशी, तनयाशी, ठरले आहे. दिवाळीपर्यंत गेम चालला नाही तर कंपनी बंद, आणि मी तिच्या भावाच्या, मिहीरच्या, ऑफिसात लोधिवलीला बसायचे. तो फार्महाउस भाड्याने देतो. मी फोन घ्यायचे. हो, स्विमिंग पूल आहे, असे सांगायचे.
ती वेळ येणार नाही.

७ ऑगस्ट
मिहीरच्या एका बंद बंगल्याचे फोटो काढायला गेलो. गेटवरून पुरेसे मिळाले. आतले त्याच्या बुकिंगच्या पानावरून घेतले. मिहीर म्हणाला, दाजी, किल्ली दिली होती ना? मी म्हणालो, काही गोष्टी कल्पनेवर सोडाव्यात.

११ ऑगस्ट
आवाजाचे रेकॉर्डिंग. शेजारच्या भागूकाकूंच्या लिंबाला कोणी हात लावला की त्या ओरडतात, कोन हाय रं तिकडं? आळी गप्प होते. गेल्या आठवड्यात माझ्या हातातला कप पडला. बाईला हेच वाक्य द्यायचे.
खोलीत आवाज घुमतो म्हणून काकूंना दोन गोधड्यांखाली बसवले. आतून म्हणाल्या, मारतो का काय रं मला? शेवटी जमले. घाम पुसत काकूंनी विचारले, आता मी दिसनार का त्यात? म्हटले, ऐकू याल. म्हणाल्या, तेवडं पुरं. संध्याकाळपर्यंत आळीत सांगून झाले होते.

१९ ऑगस्ट, दुपारी
नियम: बाजारात देण्याआधी गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः खेळायचा. भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून.
जिन्यापर्यंत गेलो. लाइट गेली. लॅपटॉप चालूच राहिला, म्हणजे बाई चालूच. झाकण लावले. वायरमनला फोन करणे जास्त महत्त्वाचे होते.

२२ ऑगस्ट
तनयाने विचारले, जिना चढलास का? मी म्हणालो, जिना उत्तम झाला आहे. ती म्हणाली, चढलास का? ती कॉलेजात शिकवते. प्रश्न सोडत नाही.
आज मोरीतला नळ आपोआप सुरू झाला. वॉशर गेला असणार. वॉशर नवा आहे.

२ सप्टेंबर
तोडगा सापडला. भिंती, दारे, दिवे तपासायचे तर बाई मध्ये हवी कशाला? सेटिंगमध्ये एक बटण टाकले. भूत चालू, भूत बंद. बंद केले.
पूर्ण बंगला एका बैठकीत फिरलो. वरच्या खोलीत गेलो. गॅलरीत उभा राहिलो. दोन दारे अडकत होती, ती दुरुस्त केली. भीती हा शिस्तीचा प्रश्न आहे.

१२ सप्टेंबर
आज गेम बाजारात दिला. बटण चुकून दोनदा दाबले गेले. कॉफी जास्त झाली होती.
काकूंची नात आरोही हिच्या कॉम्प्युटरवर आळीतल्या बायका बघायला जमल्यात. काकूंनी इरकल नेसली आहे.

१४ सप्टेंबर
रिव्ह्यू आले. एकाने लिहिले, बाईची वाट पाहिली, आली नाही, बंगला छान आहे. एकाने आईला दाखवला. तिला गॅलरी आवडली. एकाने विचारले, भाड्याने मिळेल का?
लोक भीती कबूल करत नाहीत.
मिहीरचा फोन. खूश. दाजी, अशी जाहिरात पैसे मोजूनही झाली नसती.
मग काकू आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. म्हणाल्या, सगळ्या बाया बसल्या व्हत्या. आमी खालून वर गेलो, वरून खाली आलो. मी कुटं हाय रं? मी म्हणालो, इंटरनेट स्लो असेल. त्या म्हणाल्या, सगळ्यांत खोटी पडले मी. आणि गेल्या.
सेटिंग उघडले. भूत बंद.

१८ सप्टेंबर
बाई नाही म्हणून लोक पैसे परत मागत आहेत. तनया म्हणाली, बटण चालू कर आणि अपडेट दे. मी म्हणालो, न तपासता देणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. ती म्हणाली, मग तपास. मी म्हणालो, अंगात कसर आहे. तिने थर्मामीटर आणला.
उद्या नक्की.

२६ सप्टेंबर
मिहीरने टेबल रिकामे करून ठेवले आहे. माझ्या नावाची पाटीही केली. तिचा फोटो पाठवला. पाटी पितळेची.
लॅपटॉप उघडला. पडदा हलत होता. खिडकी बंद होती. पंखा चालू होता, हे नंतर लक्षात आले. तोवर मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो होतो.

२९ सप्टेंबर
काकू आल्या. तनयाने सांगितले असावे. खुर्ची ओढून म्हणाल्या, लाव. मी बसते हितं. माझे मनगट धरले.
जिना चढलो. वरचे दार उघडले. कोन हाय रं तिकडं?
शेजारून काकू म्हणाल्या, अरं, घाबरतो कशाला? मीच हाय ना.
आता तो आवाज दोन्हीकडून येत होता.
मी पाणी प्यायला उठलो. घाबरून नव्हे. स्वयंपाकघरात डबे लावायचे राहिले होते, ते लावले. परत आलो तेव्हा काकूंनी गेम संपवला होता. बग नाही. एकच सूचना: वरच्या खोलीत ती बाई लई येळ उभी ऱ्हाते, बसाया काय तरी दे रं तिला.
अपडेट तनयाने पाठवले.

१० ऑक्टोबर
गेम चालला. एकाने लिहिले, उशी तोंडावर धरून खेळलो. एकाने अर्ध्यात सोडला आणि पाच तारे दिले. तनया म्हणाली, कंपनी राहिली. मी म्हणालो, मला शंका नव्हतीच.
एक गैरसोय आहे. काकू येईल त्याला गेम दाखवतात. भिंत पातळ आहे. तनया कॉलेजला गेली की दिवसभर भिंतीतून कोणी तरी विचारत राहते.

१४ ऑक्टोबर, लोधिवली
तनया परतेपर्यंत मिहीरच्या ऑफिसात बसतो. स्वतःहून. पुढच्या गेमच्या अभ्यासाला शांतता लागते. पाटी टेबलावरच आहे, हलवली नाही. मिहीर बाहेर गेला की फोन मी घेतो. हो, स्विमिंग पूल आहे.
आत्ता एक कुटुंब आले. गेम खेळलेले. त्यांना तोच बंगला हवा. वरची खोलीही. मिहीर खोपोलीला गेला आहे. त्याने फोनवर सांगितले, दाजी, किल्ली ड्रॉवरमध्ये आहे, जरा आतून दाखवून द्या.
मी त्यांना म्हणालो, चला. गेटवरून सगळे नीट दिसते.